जेवणापुरता कोट

"कोट काढ."

वकीलसाहेब एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. हातातला सरबताचा ग्लास टेबलावर ठेवला आणि माझ्या छातीकडं बोट केलं.

नळदुर्गच्या डाकबंगल्यातला मोठा हॉल. गॅसबत्त्या सूं सूं करत होत्या. लांबलचक टेबलावर पांढरी चादर. ती माझ्या बापानंच धुतलेली. चिनी मातीच्या बशा, काटे, सुऱ्या. भोवती सगळी कोटातली माणसं. मीही त्यांतलाच एक कोट होतो. आल्यापासून कुणी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं नव्हतं. कोट होता, तेवढं त्यांना पुरत होतं.

"ऐकू येत नाही? कोट माझा आहे. काढ."

"अहो वकीलसाहेब, पांढरे कोट सगळे सारखेच दिसतात," इंजिनियर साहेब हसत म्हणाले. जेवण त्यांनी दिलं होतं. त्यांना तिथं तंटा नको होता.

"सारखे कसे? खिशाखाली शाईचा डाग बघा. माझ्या पेनाचा आहे. आणि कॉलर उलटी करा. आत बिब्ब्याची खूण असेल. परीट आमच्या घरच्या कपड्यांना घालतो ती. नसली तर मी याची माफी मागतो."

मी बटणं काढायला लागलो. बापानं खळ कडक दिली होती. काज उघडेनात. मागून कुणीतरी म्हणालं, "परटाचं एक बरं असतं बघा. सगळं गाव त्याच्यासाठी कापडं शिवतंय." हशा झाला.

कोट निघाला. वकीलसाहेबांनी कॉलर उलटी करून बत्तीखाली धरली. काळे ठिपके आणि खाली आडवी रेघ. माझ्या बापाच्या हातची खूण. मला अक्षरं यायच्या आधी ती खूण यायची.

आता अंगात माझा स्वतःचा सदरा होता. स्वच्छ होता. फाटका नव्हता. तरी मी दोन्ही हात छातीवर घेतले. नागड्या माणसानं घ्यावेत तसे.

त्या वेळी मला संताप आला नाही. आला असता तर आज लिहायला बरं वाटलं असतं. मला अपराधी वाटलं. चोर वाटलं. सगळ्या हॉलची, चादरीची, त्या काट्यासुऱ्यांची आपण काहीतरी आगळीक केली आहे असं वाटलं. मान खाली गेली. कुणी घालायला सांगितली नव्हती. आपोआप गेली.

हे जेवण कशाचं होतं ते सांगतो.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. आम्ही नुकतेच मुंबई राज्यात गेलो होतो. नवे अंमलदार येत होते. पाटबंधारे खात्याचे हे इंजिनियर साहेब पुण्याकडचे. विलायतेला जाऊन आलेले. मी मॅट्रिक होऊन त्यांच्या कचेरीत कारकून लागलो होतो. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून काम करणारा मी पहिला.

साहेबांच्या बोलण्यात विलायत कमी आणि विलायतेची बोट जास्त असायची. बोटीवर संध्याकाळी जेवणाची घंटा व्हायची. दिवसभर डेकवर अर्ध्या चड्डीत लोळणारा माणूससुद्धा घंटेआधी खोलीत जायचा आणि काळा सूट, कडक कॉलर, गळ्याला बो लावून यायचा. एका लखपती शेठानं धोतर नेसून जेवायला यायचा हट्ट धरला. दारावरच्या गोऱ्या माणसानं हात आडवा केला. "पहिल्या वर्गाचं तिकीट होतं शेठजींचं," साहेब सांगायचे, "पण नियम म्हणजे नियम. गेले बिचारे परत. खोलीत केळी खाऊन झोपले." आणि खो खो हसायचे.

एकदा ड्रायव्हरशी बोलताना ते म्हणून गेले की पहिल्या दिवशी त्यांनाही दारातून परत लावलं होतं. बो नव्हता म्हणून. मी मागच्या सीटवर फायली धरून बसलो होतो. तेव्हा मला त्यांची कीव आली होती. हा माणूस त्या दाराबाहेर उभा राहिला, मग बो बांधून आत गेला, आणि आत गेल्यावर तेच दार त्याला आवडायला लागलं. आता तो ते दार उचलून आमच्या नळदुर्गला घेऊन आला होता.

कारण खात्याचे सगळ्यात मोठे साहेब धरणाची जागा बघायला येणार होते. त्यांच्यासाठी रात्रीचं जेवण ठरलं. आणि फर्मान निघालं. पुरुषांनी जेवणाला बंद गळ्याचा कोट किंवा शेरवानी, खाली पाटलोण आणि बूट घालून यावं. धोतर, नुसता सदरा, टोपी, पटका चालणार नाही.

गावात एकच धांदल उडाली. ज्यांनी जन्मात धोतराशिवाय काही नेसलं नव्हतं ती बडी बडी माणसं पाटलोणीत पाय घालून घरातल्या घरात चालून बघायला लागली. एक सावकार सोलापुराहून कोट घेऊन आला तो चोरीच्या मालासारखा लपवून. गावच्या पाटलांना तर कोटच मिळेना. अंग आडवं, पोट पुढं. शेवटी त्यांनी बँडवाल्याचा कोट आणला. निळा, पितळी बटणांचा, खांद्यावर सोनेरी झालर.

मला बोलावलं होतं ते जेवायला नव्हे. मोठ्या साहेबांना मानपत्र द्यायचं होतं आणि ते मी लिहिलं होतं. मला लिहिता येतं हे कचेरीत माहीत झालं होतं. इंजिनियर साहेबांनी मसुदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "तूच वाच. उभा राहून. पण कोट घालून ये."

"कोट न्हाय, साहेब."

"मग बघ कुणाचा मिळतो का."

मी घरी येऊन जेवलो नाही. काही बोललो नाही. एवढंच केलं. आईनं विचारलं, तिला सांगितलं. आईनं आबांना सांगितलं. आमच्या घरात वडलांना आबा म्हणतात.

आता आमच्यातली एक रीत सांगायला पाहिजे. परटाच्या घरात लग्नकार्य निघालं की गिऱ्हाइकाची चांगली कापडं अंगावर चढतात. गावोगाव असं आहे. नवरदेवाच्या अंगावर देशमुखाचा फेटा, वरमाईच्या अंगावर तहसीलदारीणबाईचं लुगडं. लग्न झालं की धुऊन, इस्त्री करून परत. मालकाच्या गावात घालायचं नाही, एवढाच नियम. सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही. पण माझ्या आबांनी हे कधी केलं नाही. सख्ख्या भावाच्या लग्नात ते ठिगळाच्या सदऱ्यात उभे राहिले. भाऊबंद म्हणाले, "लई इमानदार परीट रं बाबा! गाढवंबी याच्याम्होरं शरमत्यात." आबा हसले. म्हणाले, "लोकाचं ते लोकाचं."

त्याच आबांनी जेवणाच्या दिवशी दुपारी वकीलसाहेबांचा ड्रिलचा पांढरा कोट पुन्हा एकदा इस्त्रीखाली घेतला. धुऊन तयार होता. पोचवायचा होता. निखाऱ्यांवर फुंकर मारली, बाह्या दाबल्या, आणि कोट माझ्यापुढं धरला.

"घाल."

"आबा, वकीलसाहेबांचा हाय हा."

"वकीलसाहेब हैद्राबादला गेल्यात. हप्ताभर येत न्हाईत. उद्या सकाळी परत धुऊन टाकतो."

"तुमी कधी असं..."

"घाल म्हनलं ना. कापडाला काय जीभ हाय?"

मी घातला. बरोबर बसला. घरात आरसा नव्हता. मी रांजणातल्या पाण्यात वाकून बघितलं. आणि हे लिहिताना हात जड होतो, पण लिहितो. मला तो माणूस आवडला. पाण्यातला. परटाचा पोरगा वाटत नव्हता, म्हणून आवडला. आबा मागं उभे होते. पाण्यात त्यांचंही डोकं दिसत होतं, पटक्यासकट. मी थोडा बाजूला सरकलो. ते दिसू नयेत म्हणून.

आबांनी ते बघितलं का, मला माहीत नाही.

वकीलसाहेब हैद्राबादहून लवकर आले. मोठ्या साहेबांची नि त्यांची जुनी ओळख. घरी कोट मागितला तर परटाकडून आला नव्हता. मग जुनी शेरवानी चढवून आले, गळ्याशी घट्ट झालेली. आल्या आल्या तक्रार सुरू. "काय करणार, परटानं कोटच दिला नाही." हे ते माझ्या शेजारी उभं राहून म्हणाले. मग त्यांची नजर खाली आली. खिशाखालच्या डागावर.

पुढचं सुरुवातीला सांगितलं आहे.

कोट काढून झाल्यावर इंजिनियर साहेबांनी घसा खाकरला. "हे बघ, तू आता बाहेर बस. कोटाशिवाय इथं बसता येणार नाही. नियम सगळ्यांना सारखा आहे."

"आणि मानपत्र?" मी विचारलं. तेवढंच तोंडातून निघालं.

"कुठं आहे ते?"

"कोटात. आतल्या खिशात."

वकीलसाहेबांनी खिशात हात घातला आणि माझी घडी केलेली पानं बाहेर काढली. बाजूच्या खोलीत जाऊन शेरवानी उतरवली, कोट घातला, पानं हातात घेऊनच बाहेर आले.

मी व्हरांड्यात गेलो. तिथं ड्रायव्हर, चपराशी, पाणके बसले होते. म्हातारा मुसलमान चपराशी सरकला, माझ्यासाठी जागा केली. त्यानं सगळं ऐकलं होतं. ताट माझ्यापुढं ठेवलं.

"खा ले बाबा. अंदर बी एकीच देग का पुलाव, बाहर बी एकीच."

मी खाल्लं. भूक होती. आदल्या दिवसापासून नीट जेवलो नव्हतो. पहिला घास गिळताना वाटलं की उठावं आणि चालायला लागावं. दुसऱ्या घासाला ते वाटणं कमी झालं. पुलाव चांगला झाला होता. हेही लिहून ठेवतो.

खिडकीतून आतलं दिसत होतं. पाटील बँडच्या कोटात बसले होते. झालर बशीत लोळत होती. कुणीतरी म्हणालं, "पाटील, वाजवता का काय?" पाटील म्हणाले, "मटण बरं झालं तर वाजवू की!" सगळे हसले. इंजिनियर साहेबही हसले. मोठे साहेब पाटलांच्या खांद्यावरची झालर हातात धरून बघत होते. तो कोट पाटलांचा नव्हता हे झाडून सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी म्हणालं नाही, काढा.

हातातला घास तिथंच थांबला. माझ्या डोक्यात काहीतरी सरळ झालं. बऱ्याच दिवसांचं वाकडं. दुसऱ्याचा कोट घालणं हा गुन्हा नव्हताच. तिथं अर्ध्या लोकांनी दुसऱ्याचेच घातले होते.

मग वकीलसाहेब उभे राहिले आणि मानपत्र वाचायला लागले. माझं. आवाज चांगला होता त्यांचा, कोर्टात कमावलेला. मी धरणाच्या पाण्याबद्दल लिहिलं होतं. की पाणी वाटेत कुणाची जात विचारत नाही, तसंच कालव्याचंही असू द्या. त्या वाक्याला टाळ्या पडल्या. मोठे साहेब म्हणाले, "वा, काय लिहिलंय वकीलसाहेब!" वकीलसाहेब थोडे वाकले. "कुठलं, कुठलं," म्हणाले.

कुणी लिहिलं ते नाही म्हणाले.

घरी गेलो तेव्हा आबा ओट्यावर होते. अंगावर कोट नाही हे त्यांनी बघितलं. सकाळी उठून मला म्हणाले, "चल. पाय धरून येऊ."

वकीलसाहेबांच्या घरी आम्ही पायरीखाली उभे राहिलो. आबांनी पटका काढून पायरीवर ठेवला. माझ्या बापाचं उघडं डोकं मी बाहेरच्या माणसापुढं पहिल्यांदा बघितलं. पांढरं झालं होतं. घरात रोज बघून कधी जाणवलं नव्हतं.

"गुन्हा झाला, मालक. म्याच घातला त्येच्या अंगावर. त्येचा दोस न्हाय."

हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो माझ्यासाठी केलेला गुन्हा होता. आणि तोही आबा आपल्या डोक्यावर घेत होते, नेहमी गाठोडं घेतात तसा.

वकीलसाहेब चहा पीत होते. रागावलेले नव्हते. "तू ऊठ रे," आबांना म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "तुझी भाषा चांगली आहे. काल वाचलं मी. सगळ्यांना आवडलं."

"माझं नाव सांगितलं का?"

ते हसले. "काय सांगू? परटाचं पोर माझा कोट चोरून आलंय, त्यानं लिहिलंय, आता ऐका?"

त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

"हे बघ, मला पोलिसात जायचं नाही. एक माफीनामा लिहून दे. चावडीच्या फळ्यावर लावू. म्हणजे बाकीच्या परटांनाही धाक बसेल. बापानं गिऱ्हाइकाचा कोट माझ्या अंगावर घातला, तो घालून मी मोठ्यांच्या पंगतीला बसलो, ही माझी पायरी नव्हती. एवढंच. खाली सही."

"लिव की लेकरा," आबा म्हणाले. "चार वळी. तुला काय लिवायला वक्त लागतोय?"

मी म्हणालो, "कोट न विचारता घातला ही चूक झाली. ती लिहून देतो. पायरीचं लिहिणार नाही."

वकीलसाहेबांनी कप खाली ठेवला. "मला कोटाचं काही नाही रे. कोट धुतला की झाला. मला पायरीचंच पाहिजे."

आता मला त्या माणसाबद्दल सांगावं लागेल. मी लहान असताना आमच्या घरात पुस्तक नव्हतं. पत्रकं होती. निजामाच्या विरुद्ध छापलेली, चोरून वाटायची. ती वकीलसाहेबांच्या घरून यायची, मळक्या कपड्यांच्या आत गुंडाळून. आबा ती गाठोड्यातून घरोघर पोचवायचे. परटाच्या मळक्या गाठोड्यात कोण हात घालतंय? एकदा रझाकारांनी नदीच्या वाटेवर आबांना अडवलं, गाठोड्यात काठी खुपसली, वासानं तोंडं फिरवली आणि जाऊ दिलं. पत्रकं सापडली असती तर आबा परत आले नसते. त्यातली काही ओली व्हायची, ती आबा भट्टीजवळ वाळत घालायचे. मी ती वाळता वाळता वाचायचो. त्यावरच वाचायला शिकलो. जहागीरदारापुढं, साहेबापुढं कुणाची मान वाकू नये, असं त्यात लिहिलेलं असायचं. ते लिहिणारा माणूस माझ्यासमोर बसला होता. त्याचंच शाईचं पेन गळून तो डाग पडला होता.

"तुमची पत्रकं आबांनी वाहिली," मी म्हणालो. "मरणाच्या दारातनं. तेव्हा त्यांची पायरी कुठली होती?"

"गप," आबा म्हणाले. "गप बस."

"वाहिली. मी नाही म्हणत नाही," वकीलसाहेब शांतपणे म्हणाले. "म्हणून काय जन्मभर माझा कोट घालणार?"

"पाटलांनी बँडवाल्याचा घातला."

"पाटील बँडवाल्याचा घालतात तेव्हा बँडवाल्याचा मान वाढतो. तू माझा घालतोस तेव्हा माझा जातो. एवढा शिकलास आणि एवढं कळत नाही?"

त्यांनी ते इतकं सरळ सांगितलं की मला त्यांचे आभार मानावेसे वाटले. पत्रकांतून मला हे कधी कळलं नव्हतं.

"कळलं," मी म्हणालो. "आता नीट कळलं. लिहिणार नाही."

"बापाचा विचार कर."

"त्यांचाच करतोय."

हे मी खोटं बोललो. त्या क्षणी मी आबांचा विचार करत नव्हतो. स्वतःचा करत होतो. रात्री खाली गेलेल्या माझ्या मानेचा. ती मला परत वर हवी होती. आबांचा विचार केला असता तर कदाचित लिहून दिलं असतं.

आबांनी पायरीवरचा पटका उचलला. डोक्याला बांधला नाही. हातात धरूनच घरापर्यंत आले.

पुढं जे व्हायचं ते झालं. वकीलसाहेबांच्या घरचे कपडे शेजारच्या गावच्या परटाला जाऊ लागले. मग त्या आळीतली सगळी घरं गेली. सुगीला आबा बलुतं मागायला खळ्यावर गेले तेव्हा पाटील म्हणाले, "पोराचं लेखणीचं बलुतं आधी बघ बाबा, मग आमच्याकडं ये." सुपात ज्वारी पडली नाही. कचेरीतून मला आधीच काढलं होतं. साहेबांनी कारण दिलं नाही. देण्यासारखं नव्हतं.

आबा आता हमरस्त्यावरच्या खाणावळींची फडकी धुतात. ट्रक ड्रायव्हरांच्या लुंग्या, तेलानं काळ्या झालेल्या. बोरी नदीच्या घाटावर खालच्या अंगाला, कारण वरच्या जागा दुसऱ्यांनी धरल्या. ज्यांचा हात मलमलीवर फिरायचा ते सोड्यानं फाटलेल्या हातांनी ग्रीस घासतात. मी बरोबर जातो. आपटायला लागतो. आबा म्हणतात, "तुला न्हाय जमत. सर." आणि माझ्या हातचं काढून घेतात.

कधी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दिल्या नाहीत. आई एकदा चुलीपुढं बोलून गेली, "चार वळीनं काय झिजला असतास?" आबांनी तिला गप्प केलं. त्यांनी तिला गप्प केलं, हे मला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

माझं बरोबर होतं. मला त्यात शंका नाही. पण माझ्या बरोबर असण्याची किंमत माझ्या अंगावर पडली नाही. ती आबांच्या पाठीवर पडली. पत्रकांत हे कुणी लिहीत नाही. ताठ मान कुणाच्या खांद्यावर उभी राहते, त्याची कुणी चौकशी करत नाही.

गेल्या आठवड्यात वकीलसाहेबांचे कारभारी आमच्या दारात आले. निवडणूक जवळ आली आहे, मालकांना गावात तेढ नको आहे, असं म्हणाले. बसले नाहीत. कागद पुढं केला. तोच माफीनामा, सुवाच्य अक्षरात, आधीच लिहून आणलेला. पायरीचं वाक्य होतं. सगळी घरं परत मिळतील, बलुतंही मिळेल.

कागदाच्या खाली अंगठा उठलेला होता. निळा, ठसठशीत.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

कारभाऱ्यांनी आबांकडं बघितलं. आबा जमिनीकडं बघत होते.

"म्या दिला," आबा म्हणाले. "काल घाटावर आले व्हते. म्या दिला. आता तुझी सही तेवढी."

मी कागद बराच वेळ हातात धरला. माझ्या बापानं स्वतःच्या मुलाची पायरी लिहून दिली होती. वाचता येत नव्हतं त्यांना. पण काय लिहिलंय ते पुरतं माहीत होतं. थकले होते ते. मी थकवलं होतं.

त्या अंगठ्याशेजारी सही केली तर आबांना उद्यापासून वरच्या घाटावर जागा. नाही केली तर ग्रीस. मधलं काही नव्हतं. मी शोधलं. खरंच शोधलं.

मी कागद कारभाऱ्यांना परत दिला.

"न्हाय?"

"नाही."

"बापाच्या अंगठ्यावर थुंकतोस का?"

"अंगठा त्यांचा आहे. तो त्यांनी दिला. माझी सही माझी आहे."

कारभारी गेले. दार उघडंच होतं. आबा उठले, लुंग्यांचं गाठोडं बांधायला लागले. गाठ मारता मारता म्हणाले, "मग म्या आता मरस्तवर हीच धुवायची, व्हय?"

मी उत्तर दिलं नाही. उत्तर 'व्हय' असं होतं. ते गाठोडं घेऊन गेले.

मी आबांचा अपराधी आहे. त्यांच्या फाटलेल्या हातांचा, कागदावर उठलेल्या अंगठ्याचा, उघड्या डोक्याचा. तो अपराध मी फेडीन, फिटला नाही तर बाळगीन. रोज बाळगीन. पण वकीलसाहेबांचा मी अपराधी नाही. इंजिनियर साहेबांचा नाही, त्यांच्या बोटीवरच्या दाराचा नाही. त्यांना माझ्याकडून नेमकं हेच पाहिजे आहे की बापापुढं झुकलेली मान मी तशीच त्यांच्याही पुढं आणावी. एकदा खाली आहेच, तर चार पावलं पुढं येऊन आमच्या पायरीशी ठेव म्हणतात.

ठेवणार नाही. ते पुन्हा कागद आणतील. आबा पुन्हा अंगठा देतील, कदाचित माझ्या पाया पडून सही मागतील. तेव्हाही मी नाहीच म्हणेन. आबांच्या तोंडाकडं बघून म्हणेन.